दुपारी पट्टा उतरवणारे शेजारी

माणसाच्या नाडीपेक्षा पट्ट्याची नाडी अधिक जाणणारा माणूस साऱ्या सौंसर गावात एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर. इंजिनाची फिरकी कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांपर्यंत पोचवणारा, कापडाचे थर रबरात बसवलेला तो लांबलचक पट्टा म्हणजे त्यांचं सर्वस्व. तासातासाला त्याला पालथा हात लावून ताप बघायचे, मग नाक नेऊन हुंगायचे. दुपारी मजूर भाकरीला बसले की हे पट्टा चाकावरून उतरवून सैल सोडत. "ताण अन् ताव एका जागी आले का आतला धागा जळते, मास्तर. त्याले बी आराम पाह्यजे." आणि स्वतः मात्र उभ्याउभ्याच भाकरी खात.

बरं, हा रोग जिनिंगपुरता राहता तर ठीक होतं. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेलं, तर देवाआधी यांनी घंटेचा दोर चाचपला. बोरगावच्या एका लग्नात मांडवाचा दोर दाबून पाहिला आणि वरबापाला सांगितलं, "हा संध्याकाळलोक टिकते, मंगलाष्टकं आटोपती घ्या." त्या बिचाऱ्याने घेतली, आणि मांडव पुढे तीन दिवस ताठ उभा. मी चिडवलं तर म्हणाले, "उभा हाये म्हंजे धड हाये, असं नसते जी."

बायको केव्हाच गेलेली. मुलगा तहसील कचेरीत कारकून. राज्यांची नवी वाटणी झाली, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि मुलाने नागपूरची नेमणूक मागून घेतली. सून-नातवंडं गेल्यावर पलीकडच्या भिंतीतून आवाज म्हणून येईना. मला ती शांतता सहन होत नसे, त्यांना कशी होत असेल देव जाणे. मुलाची पत्रं येत, बाबा, इकडे या. हे मला ती पत्रं वाचून दाखवत आणि आपलं उत्तरही ऐकवत: "पट्टा कोणाच्या भरवशावर सोडू?" पुढे पुढे पत्रं दाखवेनासे झाले. मीही कधी विचारलं नाही, ही माझी चूक.

मग मालकाने रेच्यांना विजेच्या मोटारी बसवल्या. पट्टा उतरला तो कायमचा. त्याचा वीतभर तुकडा कापून हे माझ्या ओसरीवर आले. वरून रबर तकतकीत. आतले धागे बोट लावताच भुगा होत होते.

"पाहा. हे एका दिवसात नाही झालं. मी रोज हात लावून राहिलो होतो, तरी आतलं समजलं नाही."

"आता तरी मुलाकडे जा," मी म्हटलं. "अडवणारं काय उरलं?"

त्यांनी तुकड्याला पुन्हा पालथा हात लावला. "दोन वर्सं झाली, मास्तर. आता कोणी बोलावत नाही."

 मी आत जाऊन पोस्टकार्ड आणलं आणि मुलाला चक्क खोटं लिहिलं: मला नागपुरात काम आहे, सोबतीला तुमच्या वडिलांना आणतो आहे. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"बरोबर हाये," म्हणाले. "फक्त मुक्काम किती दिवसांचा, ते लिहू नका."