गृहस्थाचं पोट

वडील गेले आणि धारच्या घरात शेवटी एक कुत्रा उरला. कपाटं भावाने पुण्याला नेली, भांडी आम्ही दोघांनी वाटून घेतली, देव काकांकडे गेले. कुत्र्याचं काय, हा विषय कुणी काढला नाही. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, काकूंना दमा. उरले मी.

वडिलांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं. ते त्याला 'गृहस्थ' म्हणायचे. "गृहस्थ जेवले का?" "गृहस्थ, जरा सरका, पाट मांडायचाय." धार संस्थानच्या कचेरीत उमेदवारी केलेला माणूस, कुत्र्यालाही अहो-जाहो करायचा. कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत काळा, औषधालाही पांढरा केस नाही. वडील जेवायला बसले की तो शेजारी बसे आणि ते त्याला हाताने घास देत. आई गेल्यावर त्या घरात वडिलांच्या पंगतीला तो एकटाच होता. ताटलीत वाढलेलं त्याला जेवण वाटत नसे. हातातून दिलेलं काहीही खायचा, अगदी कारल्याची फोडसुद्धा.

धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा बसने त्याला आणला. कंडक्टर म्हणाला, "बेनजी, यो कई? कुत्ता नी चले बस में।" मी म्हटलं, वडिलांचा आहे, वडील वारले. माझे डोळे बघून तो मागच्या सीटकडे बोट दाखवून पुढे गेला. वाटेत बेटमा गाव यायच्या आत गृहस्थ माझ्या चपलांवर ओकले. मला वाटलं, बस लागली असेल. तिथून जे सुरू झालं ते संपेचना.

आमचं घर कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्या आणि मागे फरशी घातलेलं अंगण. घरात आम्ही तिघं: हे, सासूबाई आणि मी. सासरची माणसं खानदेशातली, ह्यांच्या नोकरीपायी देवासला आलेली. मी सकाळच्या शाळेत शिकवायची. सासूबाईंचा कुत्र्यांवर राग नव्हता, घरातल्या कुत्र्यावर होता. "दाराशी असेल तर भाकरी मी स्वतः घालीन," त्या म्हणाल्या, "पण आत नको." अंगण म्हणजे बाहेरच असं मी त्यांना पटवलं. त्यांनी ते पटवून घेतलं, कारण माझे वडील जाऊन महिनाही झाला नव्हता.

आणि त्याच अंगणात दुसऱ्या दिवसापासून त्याला जुलाब सुरू झाले. हे लिहितानाही कंटाळा येतो. देवासला तेव्हा पाण्याची काय दशा होती ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच माहीत. नळ एक दिवसाआड यायचा आणि तोही मनात आलं तर. पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं अशा बादल्या ठरलेल्या. त्यात आता कुत्र्याची बादली. सकाळी शाळेत जायच्या आधी अंगण धुवायचं, गोणपाट बदलायचं, फिनाइल ओतायचं, हात राखेने चोळायचे आणि मग चहा प्यायचा. चहाला फिनाइलचा वास यायचा. शाळेतून आलं की पुन्हा तेच. कमरेचा काटा ढिला झाला होता. पण कुत्र्याकडे बघितलं की ओरडवत नसे. तो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसायचा. घाण केल्याची लाज त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती.

सासूबाईंनी डाळिंबाची साल उगाळून दिली, म्हणजे माझ्याकडे वाटी दिली, कुत्र्याला हात लावला नाही. फरक पडला नाही. मग मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांकडे गायी-म्हशीच येत असाव्यात. त्यांनी सवयीने विचारलं, "दूध कितना देती है?" मग मान वर करून बघितलं आणि स्वतःच हसले. काय खायला घालता म्हणून विचारलं. मी म्हटलं, दूध-पोळी.

"बाईजी, दूध बंद। नया घर, नया पानी, मालिक गया, ऊपर से दूध! एक दिन पेट खाली रखो, पानी पिलाओ। फिर पतला चावल और छाछ। घी-तेल की बूँद नहीं।"

मऊ भात आणि ताक मी त्याला हाताने भरवू लागले. वडील भरवायचे तसंच, घास करून. दोन-तीन दिवसांत पोट जरा थांबलं. शुक्रवारी तर त्याने शेपटीही हलवली, मी आनंदाने शेजारच्या भाभींना सांगून आले. रविवारी सकाळी अंगणात पुन्हा तेच, उलट जास्त.

पुढचा आठवडाही तसाच. भात, ताक, थोडं बरं, थोडी शेपटी आणि रविवारी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सुट्टीचाच मुहूर्त त्याने धरला होता. आठवडाभर ज्या एका सकाळची वाट बघावी, ती मी खराट्याबरोबर काढायची. एका रविवारी मी फरशीवर बसून रडले. कुत्र्यासाठी, वडिलांसाठी की कमरेसाठी, ते मला सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही वास सहन होत नव्हता आणि माझी दशाही बघवत नव्हती. त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघ. नाही थांबलं तर धामनोदला देऊ." धामनोदला त्यांचे मावसभाऊ होते, रस्त्यावर ढाबा चालवायचे. त्यांना राखणीला कुत्रा हवाच होता. ट्रकवाल्यांनी टाकलेली हाडं, रस्सा, मिरचीचे देठ. हे पोट तिथे आठ दिवस टिकलं नसतं, हे मला कळत होतं. ह्यांच्याकडे बघितलं. हे बूट घालत होते. "आई म्हणते ते बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि स्कूटर काढून गेले. मला ते फार लागलं. माहेर म्हणून माझ्याकडे जिवंत असं तेवढंच होतं, आणि ह्यांना दोन शब्द बोलवले नाहीत.

माझा संशय शेजारच्या भाभींवर होता. मी कुत्रा आणला त्या दिवशीच त्या कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "अरे वा भाभी, पूरा काला! ऐसा तो ढूँढे से नहीं मिलता।" शनीची पीडा असली की काळ्या कुत्र्याला शनिवारी तेल लावलेली पोळी घालतात, हे मालव्यात लहान पोरालाही माहीत. मी सरळ जाऊन विचारलं. त्या चिडल्या. "मेरे मन में तो रोज आता है, झूठ नहीं बोलूँगी। पर पूछे बिना दूसरे के कुत्ते को डालूँ? ऐसी नहीं हूँ मैं।" दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. त्यांचंही बरोबरच होतं.

दिवाळी आली, गेली. अंगणात रांगोळी काढली नाही, काढून उपयोग नव्हता. धामनोदच्या मामांचा निरोप आला, रविवारी देवासला येतोय, कुत्रा घेऊन जाईन.

आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या संस्थेतलं कुणी मोठं माणूस वारलं म्हणून मुलांना उभं करून शांतता पाळली आणि सोडून दिलं. मी लवकर घरी आले. सासूबाई दर शनिवारसारख्या टेकडीवर देवीला गेल्या होत्या. मागच्या दाराने आत शिरले तर हे अंगणात उकिडवे बसलेले. कारखान्याचा गणवेश घातलेला, पायात बूट नाहीत. शेजारी स्कूटरच्या डिकीतली बाटली, तिच्यात मोहरीचं तेल. आमच्याकडे स्वयंपाकात शेंगदाण्याचं तेल, मोहरीचं घरात यायचं कारणच नव्हतं. हातात आदल्या रात्रीची पोळी, तेलाने निथळणारी. आणि गृहस्थ त्यांच्या हातातून घास घेत होते, शांतपणे, डोळे अर्धे मिटून, वडिलांच्या हातून घ्यायचे तसे.

मी ओरडलेच. काय ओरडले ते आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नसणार. मी तिकडे त्याला भाताचं शीत मोजून घालते, इथे हे तेलाची धार लावतायत! देवाला हात जोडायची वेळ आली की जे बूट शोधायच्या निमित्ताने सटकतात, ते शनीला पोळी घालतायत!

हे उठले नाहीत. म्हणाले, "हळू बोल."

"का हळू? उद्या त्याला नेणार आहेत!"

"माहितीय."

"मग आज कशाला?"

"आजचा शनिवार तरी झाला असता," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, फरशीकडे बघत. कारखान्यात छाटणी होणार होती. कुणाकुणाची, ते कळत नव्हतं. त्यांच्याबरोबरच्या दोघांना आधीच घरी बसवलं होतं. "कारखान्यातले एक भिया बोले, तुझी साडेसाती चालू है, काले कुत्ते को अपने हाथ से खिला. मी आधी रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालून बघितली गं. वास घेऊन निघून जातात. आपल्या हातून खाल्ली पाहिजे असं असतं. हा खातो." थोडं थांबून म्हणाले, "तो इतक्या विश्वासाने खातो ना, मला वाटतं होईल काहीतरी."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि हा माणूस घाबरतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले. उरलेली पोळी त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, आईंना सांगा. ते म्हणाले, "तिला छाटणीचं कळलं तर अन्न सोडेल." मी म्हटलं, मग मी नाही सांगणार, पण तुम्ही सांगा. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि पाळीला निघून गेले.

रविवारी सकाळी अंगण मी धुतलं, नेहमीसारखंच घाण झालेलं. मामा आले, चहा प्याले, पोहे खाल्ले, कुत्रा चांगला दणकट आहे म्हणाले. हे वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हते. मामांनी दोर आणला होता. गृहस्थाने मान पुढे केली, त्याला वाटलं असेल फिरायला जायचंय. मी पोह्यांच्या बश्या गोळा करत राहिले. ते माझं सांगायचं नव्हतं. एवढं मात्र खरं की ह्यांनी तोंड उघडलं नसतं तर मी त्यांना जन्मभर माफ केलं नसतं.

मामा दारापाशी गेले तेव्हा हे म्हणाले, "मामा, थांबा. कुत्र्याला काही झालेलं नाही. मी त्याला तेलाची पोळी घालतो. दर शनिवारी."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलाला शनिवारी पोळी कशासाठी घालावी लागते, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी फक्त "नोकरी?" असं विचारलं.

"माहीत नाही, आई. अजून काही कळलं नाही."

त्या दाराला धरून खाली बसल्या. मग त्या मामांना म्हणाल्या, "सोड त्याला. आमचाच आहे तो." मामा गोंधळून दोर गुंडाळत राहिले. मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि मी जागची हलले नाही, आनंद झाला असं खोटं कशाला लिहू?

छाटणीचं पुढे महिनोन्महिने कळत नव्हतं. रोज ह्यांची स्कूटर वळणावर वाजली की आम्ही दोघी कामं थांबवून त्यांचा चेहरा बघायचो.

पुढच्या शनिवारी सासूबाई आंघोळ करून अंगणात आल्या. हातात कोरडी पोळी, तेलाचं बोटही नाही. ज्याला कधी शिवल्या नव्हत्या त्याच्यासमोर त्या गुडघे धरून बसल्या आणि तुकडा तुकडा करून स्वतःच्या हाताने भरवली. त्याने सगळी खाल्ली. मग त्यांनी त्याला हात जोडले. मी खराटा घेऊन उभी होते. हे सगळं थोतांड आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी खराटा भिंतीला टेकवला, आणि मीही जोडले.