केळीची राख आणि नवा लेथ

नवा लेथ मी माझ्याच हाताने कसा घालवला, ते ऐकायचंय ना? मग आधी चहा संपवा. हसताना नाकातून आला तर मी जबाबदार नाही.

जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये मी आणि नाना शेजारी शेजारी, खटारा लेथवर पंपाचे शाफ्ट कातायचो. नवा लेथ येणार होता. शेठजी म्हणाले, "या आठवड्यात ज्याचं कातायचं टूल कमी झिजेल, त्याला नवा."

मला काय काळजी? एका तेलवाल्याने मला ग्राफाइटच्या भुकटीची पुडी दिली होती, काजळाहून बारीक. चिमूटभर लेथच्या तेलात ढवळली की टूल आणि लोखंडाच्या मध्ये जणू गादीच पसरते. नानाचं टूल सारखं धारेला ग्राइंडरवर, माझं आपलं नवरदेवासारखं मजेत.

जेवणाच्या सुट्टीत नाना जवळ सरकला. भोळा माणूस.

"भाऊ, तेलमा काय टाकस रे तू?"

आता खोडी काढली नाही तर मी कसला? तोंड गंभीर केलं.

"कुणाला सांगू नका नाना. केळीच्या खांबाची राख. चांगली मूठमूठ टाकायची."

ज्या राखेने बायका पातेली घासतात, ती टूलला काय लोणी लावणार होती? संध्याकाळी घरी, पिंप्राळ्यापर्यंत, सायकलवर मी एकटाच हसत गेलो. कुत्री मागे लागली तरी हसत होतो.

शनिवारी शेवटचा शाफ्ट लावला आणि माझा लेथ असा किंचाळला, की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. टूलचं टोक चघळलेल्या उसासारखं. तेलाच्या टाकीत हात घातला, तर नुसता चिखल.

"नाना, माझ्या टाकीत कुणी काय टाकलं?"

"मीच टाकी ना भाऊ, राख. नुसखा तुना शे, पहिला मान तुना. बठ्ठी वती दिन्ही. मनासाठे उरनीच नही." सगळी राख माझ्या टाकीत, स्वतःसाठी चिमूटभरही नाही!

तेवढ्यात शेठजी आले. "हे राखेचं डोकं कुणाचं?"

नानाने कौतुकाने माझ्याकडे बोट केलं. आता नानाला फसवायला गेलो होतो म्हणू? माझंच म्हणून मान डोलावली.

नवा लेथ नानाला मिळाला. त्याने नारळ फोडला, पहिला प्रसाद मलाच दिला. मग मात्र मला राहवेना.

"नाना, खरं सांगतो. मी तेलात टाकायचो ती राख नव्हतीच, ग्राफाइटची भुकटी होती. तुम्ही ती टाका."

नानाने डोळे बारीक केले.

"भाऊ, तुले लेथ नही भेटना, माले बी वाईट वाटस. पन आते मना लेथ बिघाडाले निंघना का?"