प्रेस नोटची उभी घडी

आमदार झालेला माझा जुना सहकारी काल आम्हा पत्रकारांशी बोलत होता, तेवढ्यात एक आजी तक्रार घेऊन आत आल्या. त्याने समोरच्या प्रेस नोटची उभी घडी घातली, कोरी बाजू लिहायला वर घेतली आणि विचारलं, “आजी, आधी नाव सांगा.”

ती घडी आणि तो प्रश्न, दोन्ही मीच त्याला शिकवलं होतं. त्याच्या गाडीचा मला कधी हेवा वाटला नाही. पण त्याने फोन लावला, आजींच्या नळाला पाणी येणार हे ठरलं, आणि माझा जळफळाट झाला. माझ्या घडीवर लिहिलेलं आयुष्यभर नुसतं छापूनच आलं.

“सर, बातमी मिळाली ना?” निघताना त्याने विचारलं.

मी मान हलवली. माझ्या कागदावर त्याचं नाव तीनदा होतं. आजींचं मी लिहिलंच नव्हतं.