मामांचा वाळूचा डोंगर

आमच्या मामांचं काम सांगितलं की लोक हसायचे. मामा डोंगर करायचे. तेही काचेच्या पेटीत, वाळूचे.

कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. चाळणीने, हलक्या हाताने, पांढऱ्या आणि काळ्या वाळूचे थर आळीपाळीने द्यायचे. मग एका टोकाची फळी मोटर मुंगीच्या पावलांनी पुढे ढकलायची. आधी फळीजवळचे थर तिरके तुटून एकमेकांवर चढायचे. मग तडा पुढच्या सपाट वाळूत जायचा आणि आधी चढलेले सगळे थर या नव्या तुटलेल्या तुकड्याच्या पाठीवर बसून सरकायचे.

"डोंगर पायथ्याशी वाढतो," मामा सांगायचे. "खऱ्याला कोट्यवधी वर्षं लागतात, माझा दुपारपर्यंत तयार. तो आळशी, मी कामसू."

पण वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. घरी चहाची बशी वाजायची आणि मामी कानाडोळा करायची. कॉलेजात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं तर पेटी हातची जाईल, हीच धास्ती. मुलांसमोर डोंगर करून दाखवायचा होता, त्या दिवशी मामीने मला मुद्दाम सोबत धाडलं.

डोंगर झकास उठला. काचेतून थर कसे रेखीव दिसत होते! विभागप्रमुख बाई खूश झाल्या. आता वाळूवर पाणी शिंपडून ती घट्ट करायची आणि मधोमध कापायची. पोटात काय झालंय ते तेव्हाच दिसतं.

मामा जागचे हालेनात.

"बाई, आज नको कापायला. दिसतोय किती छान."

"अहो, असं कसं? मुलं खोळंबलीत."

कापल्याशिवाय डोंगर काय कामाचा, हे तर मामांचंच तुणतुणं. मला काही उमगेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी पातं धरून डोंगर कापला.

काचेलगतचे थर त्यांनी जीव ओतून सरळ केले होते. आतले मात्र कुठे जाड, कुठे पातळ पडले होते, आणि जिथे पातळ तिथे डोंगर भलतीकडेच फुटला होता. बाईंनी थरांकडे पाहिलं, मग मामांच्या हाताकडे. मुलं भराभर चित्र काढायला लागली.

मामांनी पातं पुसून बाईंपुढे ठेवलं.

"हात गेलाय माझा, बाई. मुलांना सांगा, हा उतरवून घेऊ नका. खरे डोंगर असे नसतात."