शकुबाईची मुरवलेली कुऱ्हाड

अहेरीकडं लोहारणी पुष्कळ होत्या, पण नवऱ्याची चूक त्याच्या तोंडावर सांगणारी एकटी शकुबाई. वीस वर्षं भाता ओढून तिची नजर अशी तयार झाली होती की लोखंड कधी तापलं आणि कधी उगाच जळायला लागलं, हे ती नवऱ्याच्या, मुखरूच्या आधी ओळखायची. मुखरू मात्र ऐकेल तर शपथ.

पंचावन्न सालच्या सुमाराला लाकडाच्या ट्रकांचे मोडके स्प्रिंगचे पाटे मिळू लागले. एवढं कडक पोलाद पाहून मुखरू हरखला. गावठी लोखंडासारखीच त्याची कुऱ्हाड घडवली, लाल केली आणि बापाच्या रिवाजानं थंड पाण्यात बुडवून तिला पाणी पाजलं. धार अशी आली की दाढी करावी! पण पहिल्याच आठवड्यात जंगलातल्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, इसरूनं धावड्याच्या ओंडक्यावर घाव घातला आणि पात्याचा टवका उडून त्याच्या कानाची पाळी चिरून गेला. घाबरून मुखरूनं पुढची कुऱ्हाड दिवसभर राखेत पुरून निववली. तिची धार भाकरीच्या कडेसारखी वळली.

इसरू बाजाराच्या दिवशी आला. "भाऊ, अजून एक घेतो. पण आमच्या टोल्याची रीत तुमाले ठाऊक हाये. ज्यानं पाणी पाजलं, थो ओंडक्यासमोर बसन. टवका उडला तं त्याच्या अंगावर. न बसला तं चारही टोले दुसरा लोहार पाहतीन."

चार टोले गेले की भट्टी विझली, हे सांगायला जोशी नको होता.

"पाण्यात घाई होते, राखेत आळस," शकुबाई म्हणाली. "दोन्हीच्या मधात थांबवा ना त्याले. भात नाई का मुरत झाकणाखाली?"

"लोखंड का भात हाये? काऊन डोकं खाऊन राह्यली?"

तिनं डोकं खाणं सोडून दिलं आणि स्वतःच सांडशी धरली. कढईत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल धूर येईस्तोवर तापवलं आणि लाल पातं त्यात सोडलं. भडका उडाला. वाकून बघणाऱ्या मुखरूच्या भुवया साफ झाल्या. झाकण घालून तिनं जाळ विझवला, दोन विडे चघळून होईस्तोवर पातं तेलातच मुरू दिलं, मग गरम राखेत ठेवलं. एवढ्या वेळात पोलादाच्या पोटात जी घडण होते तिला शिकलेली माणसं बेनाइट म्हणतात. शकुबाईला मुरल्याशी मतलब. कानस त्याला लागत नव्हती, हातोडा मारला तर पातं वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

टोल्यावर सगळे जमले. धावड्याचा सुकलेला, गाठाळ ओंडका मांडला होता. मुखरू पुढं व्हायला निघाला तशी शकुबाईनं त्याला मागं लोटलं.

"पाणी म्या पाजलं. मीच बसीन."

बाई फतकल मारून बसलीसुद्धा. वरवर झोकात, पण मनात हिशेब चालू होता. तेल कमी तापलं असेल का? विडा घाईनं चघळला का? आता टवका उडाला तर डोळाच जायचा. इसरूनं कुऱ्हाड उचलली आणि थबकला, कारण बिनभुवयांचा मुखरू येऊन तिच्या अंगाला अंग लावून बसला होता.

"सरक थोडीशी," तो म्हणाला. "भट्टी दोघाइची हाये."

इसरूनं दातओठ खाऊन घाव घातला. मग दुसरा, तिसरा. ढलप्या दोघांच्या मांडीवर पडत राहिल्या, सगळ्या लाकडाच्या. बाराव्या घावाला गाठ फुटली. इसरूनं धारेवरून अंगठा फिरवला, आपल्या चिरलेल्या कानाला हात लावला आणि हसला.

"बाई, चारही टोल्याच्या कुऱ्हाडी तुमीच मुरवा."

शकुबाईला हसू आलं, रडूही आलं. तिनं बाजूला पाहिलं. मुखरूनं डोळे गच्च मिटलेले होते आणि सगळ्या गावादेखत तिचा हात धरून ठेवला होता.

"झालं," ती हळूच म्हणाली. "उघडा आता डोळे."