पाक वागियोंची चाळीस विमानं

कोतागेदे गावात चांदीचं काम करणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातही केसासारखी तार ओढून तिची जाळी विणणारे हात फक्त पाक वागियोंचे, म्हणजे वागियोकाकांचे. पण गावात त्यांची ख्याती निराळीच होती. या माणसाने चौसष्ट वर्षांत कुणाला 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. एकदा शेजाऱ्याने तीन दिवसांसाठी कोंबडा ठेवून घ्याल का म्हणून विचारलं. तो कोंबडा सहा वर्षं त्यांच्याच अंगणात आरवला आणि म्हातारा होऊन तिथेच मेला. शेजारी येता-जाता त्याची विचारपूस करायचा, आणि पाक वागियो खाली मान घालून 'मजेत आहे' म्हणायचे.

भीड आमच्याकडे सगळ्यांनाच असते. समोरच्याचं मन मोडू नये, आपल्या मनातलं तोंडावर दिसू देऊ नये, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. पण पाक वागियोंच्या बायकोचं, सुकिनेमचं म्हणणं असं की इतर लोक भीड घराबाहेर वापरतात आणि आत येताना चपलांबरोबर काढून ठेवतात. आमचे हे ती पांघरून झोपतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते या घराला पुरतं लागू होतं. साच्यात ओतलेल्या पितळी मालाने बाजार भरला तसं त्यांचं काम आटलं. दुकानदार नमुना म्हणून एखादा चांदीचा मोर घेऊन जात, आणि त्याच्या शंभर नकला दुसरीकडून पाडून घेत.

अशात एका सकाळी बू रात्मी, म्हणजे रात्मीबाई, आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे म्हातारेकोतारेही त्यांना बाईच म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी भाताचं शेत विकून दानांग या एकुलत्या मुलाला वैमानिकाच्या शाळेत घातलं होतं. आता त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी कोतागेदेचीच. लग्नात घरच्या बायका एकाच कापडाचे केबाया, लांब बाह्यांची पोलकी, घालतात, त्यात बाईंना नवल वाटेना. त्यांना चाळीस बायकांच्या छातीवर चांदीचं विमान हवं होतं. मुलगा काय करतो हे पाहुण्यांनी विचारायलाच नको.

पाक वागियो आयुष्यात विमानात बसले नव्हते. त्यांनी मोर केले होते, कमळं केली होती, एका हौशी माणसासाठी सायकलही केली होती. तरी त्यांनी आठ दिवसांत एक विमान विणलं. पंखांना अशी जाळी की पलीकडची बोटं दिसावीत. सुकिनेमने ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. ही त्या घरातली मोठी घटना होती. पाक वागियोंना मनापासून आनंद झाला. बारा वर्षांनी त्यांचं काम परदेशी पाहुण्याच्या पेटीत न जाता त्यांच्याच गावातल्या माणसांच्या अंगावर दिसणार होतं.

बाईंनी नमुना पाहिला, पट्टी काढली आणि सुधारणा सांगितल्या. नाक भरीव हवं, त्यावर 'दानांग' कोरलेलं. आणि मागची पिन पंखांशी नको, शेपटीशी.

"उडणाऱ्याचं नाक मोकळं पाहिजे," त्या म्हणाल्या. "पुढून धरून ठेवलेलं विमान उडेल कसं?"

नाक जड आणि पिन शेपटीला म्हटल्यावर विमान कापडावर उलटं लोंबणार, हे कळायला सोनार असावं लागत नाही. दुपट्टा वाळत घालणाऱ्यालाही ते कळतं. पाक वागियो म्हणाले, "हो बाई. छान दिसेल."

रात्रभर त्यांना झोप नाही. चाळीस विमानं, प्रत्येकाच्या पाठीवर आपला शिक्का, आणि सगळ्या गावादेखत सगळी नाकावर पडलेली. उरलेलं नावही जाणार. सुकिनेम म्हणाली, जा आणि सांगा, दोन वाक्यांचं तर काम आहे.

ते गेले. बाईंचं घर विमानतळामागे, माग्वोत. गोड चहा समोर आला. यजमानाने 'घ्या' म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, आणि चहा झाल्याशिवाय कामाचं काढायचं नाही. बाई दानांगच्या शिस्तीबद्दल बोलत राहिल्या आणि 'घ्या' म्हणायचं विसरल्या. पेल्यावर साय धरावी इतका वेळ बसून पाक वागियो परत आले.

पुढच्या वेळी बाईंनी आठवणीने 'घ्या' म्हटलं, सोयाबीनचं तळलेलं टेम्पेही दिलं. खाल्ल्या घरचे वासे कसे मोजायचे? ते नाकावरचं नाव जरा मोठं करण्याचं कबूल करून आले, म्हणजे नाक आणखी जड झालं.

तिसऱ्या वेळी सुकिनेमने स्वतः फोनवरून गाडी बोलावली आणि त्यांना आत ढकलून दार लावलं. गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर पाक वागियोंनी चालकाकडे पाहिलं. टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, पण आरशात दिसत होता तो दानांग.

"मित्राची गाडी आहे," दानांग म्हणाला. "सुट्टी होती, म्हटलं थोडी चालवावी."

"वा, वा," पाक वागियो म्हणाले. "मैत्री अशी हवी."

पाक वागियोंनी गाडीभर नजर फिरवली. गाडीत पाण्याच्या बाटल्या होत्या, प्रवाशांसाठी गोळ्यांची बरणी होती, मानेला लावायची उशी होती. एका सुट्टीत एवढा संसार जमत नाही. आईच्या घराच्या एक गल्ली अलीकडेच दानांगने त्यांना उतरवलं, आणि त्यांनीही 'इथेच का' असं विचारलं नाही.

आता बाईंना जाऊन काय सांगणार, की तुमचं विमान खाली पडेल? त्यांना तो टोमणा वाटला असता. ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, घाम पुसला आणि दुसऱ्या गाडीने घरी आले. दोन महिन्यांत चाळीस विमानं सांगितल्याबरहुकूम तयार झाली. बाईंनी प्रत्येकाची पिन पट्टीने तपासून घेतली.

लग्नाच्या दिवशी सकाळी विमानं सरळ होती, कारण बायका ताठ उभ्या होत्या. मग पाहुण्यांची रांग सुरू झाली. आमच्याकडे नुसते हात जोडून भागत नाही, कमरेतून वाकावं लागतं. पहिल्या वाकण्याला विमानं डुगडुगली. विसाव्याला नाकं कलली. जेवणाच्या ताटल्या खुर्च्यांच्या रांगांतून हातोहात फिरू लागल्या तोवर चाळीसच्या चाळीस विमानं जमिनीकडे झेपावत होती, आणि त्यांच्या नाकांवर दानांगचं नाव ठळक वाचता येत होतं. चारशे माणसं ते बघत होती. चारशे माणसं म्हणत होती, काय सुरेख काम आहे.

मागच्या रांगेत सुकिनेमशेजारी बसून पाक वागियो सुपात नुसता चमचा फिरवत होते. कुणी एकाने तरी हसावं, शिवी द्यावी, म्हणजे सुटका होईल, असं त्यांना झालं. तेवढ्यात बाई मंचावरून उतरल्या आणि चालत येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं, असं होणार म्हणून?"

पाक वागियोंच्या तोंडात सवयीचं गोड उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनदा निघालो होतो बाई. जमलं नाही. चूक माझी आहे."

बाईंनी मांडीवरचा रुमाल दोनदा घडी केला, दोनदा उलगडला. मग आवाज खाली आणून विचारलं, "तिसऱ्यांदा कुणाच्या गाडीतून निघाला होतात?"

पाक वागियोंनी मंचावरच्या दानांगकडे पाहिलं.

"मला वर्षापासून ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "विमानाच्या नोकऱ्याच नाहीत, त्यात त्याचा काय दोष? सुनेलाही ठाऊक आहे, ती त्याच्याच गाडीतून कामाला जायची. सगळ्या माग्वोला ठाऊक आहे. पण तो मला सांगत नाही. त्याने आपणहून सांगावं म्हणून मी थांबले आहे. आईने विचारलं तर त्याला किती लाज वाटेल."

"म्हणून त्याची लाज राखायला ही विमानं?"

सुकिनेमने चमचा खाली ठेवला. नवऱ्याचा हा आवाज तिने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

"बाई, तुम्ही थांबलात, तो थांबला, मी थांबलो," पाक वागियो म्हणाले. "या थांबण्यात चाळीस विमानं पडली. आता आणखी काय पडायची वाट बघताय?"

बाईंचा चेहरा लाल झाला. आता कानाखाली बसते, असं पाक वागियोंना वाटलं. लहानपणी त्यांच्या दोन्ही पोरांनी शाळेत त्या हातचा मार खाल्ला होता. पण बाई उठल्या, खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि सरळ मंचावर गेल्या. नवऱ्यामुलाच्या कानाशी वाकून त्या काहीतरी म्हणाल्या. फार नाही, दोन वाक्यं असतील.

आईच्या छातीवरचं विमान दानांगच्या डोळ्यांसमोर उलटं लोंबत होतं. त्याने बोटाने त्याचं नाक वर उचललं, तसंच धरून ठेवलं आणि बोलू लागला. बराच वेळ बोलला. शेजारी नवरी मान हलवत होती. पाहुण्यांची रांग मंचापाशी खोळंबली होती, आणि गाव कोतागेदे असल्यामुळे काय चाललंय असं कुणीही विचारलं नाही.