कुलूपबंद पेटीतले साडेचौतीस

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "काका मुळातच भाबडे" असं म्हणायला नको. मी बत्तीस वर्षं हवामान वेधशाळेत निरीक्षक होतो. ठरलेल्या वेळी पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं, आतला तापमापक वाचायचा, आकडा लिहायचा, दार लावायचं. घरात लग्न असो की मयत, वेळ चुकवायची नाही. आमच्याकडे बुद्धवंदना होते. अंगारे-धुपारे, उतारे वगैरे कधी झाले नाहीत. इथले भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचायचो आणि "अगं, वारा कुठून होता ते लिहिलंच नाही की ह्याने" म्हणून बायकोला ऐकवायचो. ती म्हणायची, "तुम्हाला भूत दिसलं ना, तर तुम्ही आधी त्याचं तापमान घेताल."

शैला. माझी बायको. माहेर कन्नड गावचं. गेल्या डिसेंबरात ती गेली. त्या आठवड्यात जे घडलं, ते लिहितोय.

तिला चार वर्षांपासून असा आजार होता की कातडी कडक होत जाते आणि थंडी लागली की बोटांतलं रक्तच आटतं. बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढायचं तरी हातमोजे. नंतर तो आजार फुप्फुसांत उतरला. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू राहू द्या, पण हिवाळा शक्यतो उबदार, कोरड्या ठिकाणी काढा. समुद्राकाठची दमट हवा नको.

आमची मुलगी प्राची अमेरिकेत, वाळवंटी भागात राहते. तिनं सांगितलं, "बाबा, इथे हिवाळ्यात म्हातारी माणसं घरासारख्या गाड्या घेऊन येतात. मोठी पार्क्स असतात, लाइट-पाण्याची सोय असते. चार महिने उन्हात बसतात, उन्हाळा लागला की परत." शैलाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. परक्याच्या लॉजवर खोकत पडायचं तिच्या जिवावर यायचं. स्वतःची गादी, स्वतःचं संडास हवं. मग आम्ही एक जुनी सतरा सीटर मिनीबस घेतली. वाळूजच्या एका फॅब्रिकेटरनं तिच्यात पलंग, ओटा, छोटं बाथरूम बसवून दिलं. बासष्टाव्या वर्षी मी ती चालवायला शिकलो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा शेजारचे रफीकभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "क्या साब, घर कू पय्ये लगा दिए?" शैला खिडकीतून म्हणाली, "तुम भी चलो भाईजान, ऊपर टप पे जगा है."

गाडी तयार झाली. आता जायचं कुठं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. आणि ते ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

राजस्थान मी पहिल्याच दिवशी खोडलं. दिवसा कितीही ऊन असलं तरी तिथली वाळू रात्री गार पडते. कच्छमधल्या एका कॅरव्हॅन पार्कचे फोटो झकास होते. मी मालकाला फोन करून विचारलं, पहाटेचं किमान किती जातं? तो म्हणाला, "सर, एकदम मस्त वेदर." मस्त हा काही आकडा नाही. मी त्याला कुरिअरनं तापमापक पाठवला आणि रोज फोटो मागवला. आठ दिवस पहाटेचं किमान एकोणतीस! मी हरखलो. मग एका फोटोत कोपऱ्यात चहाचं पातेलं दिसलं. पठ्ठ्यानं तापमापक भटारखान्यात, शेगडीच्या वर टांगला होता. मी कपाळाला हात लावला. शैला मात्र खोकला येईपर्यंत हसली.

दिवाळी झाल्यावर तिच्या भावानं पिशोरजवळची जागा सुचवली. लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी रघुनाथ नावाच्या शेतकऱ्यानं टेकडीच्या मध्यावर मुरूम टाकून चार गाड्यांपुरती सपाट जागा केली होती. विजेचे पॉइंट, पाण्याची टाकी, मागे दक्षिणेकडे तोंड केलेला काळ्या खडकाचा कडा. बाकी सगळं उघडंबोडकं, बोरी-बाभळी आणि दगड. आम्ही गाडी घेऊन गेलो.

शैला उतरली, कड्याला टेकून एका दगडावर बसली. थोड्या वेळानं तिनं हातमोजे काढले. वर्षभरात घराबाहेर तिनं ते कधीच काढले नव्हते.

"रामराम साहेब," रघुनाथभाऊ म्हणाले. "ह्यो खडक दिवसभर ऊन पितो बघा. रातच्याला बी गार व्हत नाय. आमची म्हतारी इथंच बसायची थंडीची."

"तुम्ही मोजलंय का?"

"काय मोजायचं त्यात? पाठ टेकली की कळतंय."

शैला मला म्हणाली, "अहो, इथंच राहू. लई बरं वाटतंय. हेच आपलं वाळवंट."

थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घसरून सखल भागात साचते आणि उताराच्या मध्यावर ऊब टिकते. हे मला पाठ होतं. तिचे उघडे हात समोर दिसत होते. तरीही मी म्हणालो, "एक महिना नोंद होऊ दे. एका दिवसावरून हवामान ठरत नसतं." वेधशाळेत नवीन येणाऱ्यांना मी हेच वाक्य शिकवायचो. बत्तीस वर्षं ते बरोबर होतं.

ती हातमोजे घालून गाडीत जाऊन बसली.

घरी आल्यावर मी झडपांची पेटी तयार केली. आत ठेवायचा तापमापक कमाल-किमानचा, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी नळी. तिच्यात दोन बारीक लोखंडी काड्या असतात. पारा सरकला की काडीला ढकलतो; पारा मागे फिरला तरी काडी तिथंच राहते. म्हणजे मधल्या काळात सगळ्यात जास्त किती आणि सगळ्यात कमी किती, ते कळतं. वाचून झालं की लोहचुंबकानं काड्या परत पाऱ्यावर आणून ठेवायच्या. आधी वाचन, मग चुंबक. हा क्रम चुकला तर गेलेला आकडा परत मिळत नाही.

शैलाची ह्या तापमापकाशी जुनी ओळख होती. लग्नानंतर आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा माझ्या टेबलावर असाच एक जादाचा असायचा. मी अंघोळीला गेलो की ती त्याच्या नळीच्या टोकाचा काचेचा फुगा मुठीत धरून बसायची. मी येऊन बघतो तर कमाल साडेचौतीस! "तुमच्या वेधशाळेला ताप आलाय, सुट्टी टाका." हा खेळ तिनं कितीदा केला असेल. दरवेळी आकडा तोच, साडेचौतीस. एकदा मी ओरडलो, आणि मग तिनं तो बंद केला.

आता पेटी भरताना तिनं हात पुढे केला, "द्या बघू." हातमोजा काढून फुगा मुठीत धरला. पाच मिनिटं झाली. पारा खोलीच्या सव्वीसवरून हलला नाही. ती हसली. "बघा. ह्याच्या लेखी मी नाहीच." मी विषय बदलला.

पेटी पिशोरला कड्याजवळ चार फुटांच्या खांबावर बसवली. दार उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत पडायला नको. रघुनाथभाऊंवर संशय नव्हता, पण कच्छनं पोळलो होतो, म्हणून कुलूप लावलं. एकच किल्ली, ती माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. दर रविवारी सकाळी मी एसटीनं कन्नड, तिथून जीपनं पिशोर गाठायचो. शैलाजवळ रफीकभाईंच्या घरच्या भाभी बसायच्या. वाचायचं, लिहायचं, चुंबक फिरवायचं, कुलूप लावायचं, परत.

ती दर रविवारी संध्याकाळी विचारायची, "झाली का तुमची नोंद?"

"अजून दोन आठवडे."

"आकडा काय आला?"

"चांगलाय. पण खरी थंडी अजून पडलीच नाही. ती पडल्यावरचा आकडा खरा."

खरी थंडी पडली. आमच्याच घरात पडली. तिसऱ्या रविवारी मी वाचन घेऊन आलो, सोमवारपासून शहरात हुडहुडी भरली, पारा नऊपर्यंत उतरला. हीटर लावला, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. मंगळवारी तिला धाप लागली, न्यूमोनिया निघाला, आयसीयूत हलवलं. गाडी गल्लीत उभीच होती, पलंगावर नवीन चादर घातलेली.

गुरुवारी दुपारी साडेतीनला मला पाच मिनिटं आत सोडलं. तिच्या तोंडावर मास्क होता. मी वाकलो तर तिनं तो जरा बाजूला केला आणि स्पष्ट म्हणाली, "हात गरम झालेत बघा माझे."

मी दोन्ही हात हातात घेतले. बर्फ होते. बोटं निळी.

"हो," मी म्हणालो, "गरम आहेत."

तिनं डोळे मिटले. पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले.

आता पुढचं. प्राची आली, सगळं झालं. त्या रविवारी मी पिशोरला गेलो नाही. बत्तीस वर्षांत न चुकलेलं वाचन चुकलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी पेटी काढून आणायला गेलो. प्राची सोबत होती.

कुलूप जसंच्या तसं होतं. दवानं त्याच्यावर तांबूस गंज चढला होता, किल्ली फिरवायला जोर लावावा लागला. मी दार उघडलं. सवयीनं आधी किमान वाचलं. साडेचौदा. शहरात नऊ असताना तिथं साडेचौदा. म्हणजे नोंद पूर्ण झाली होती. जागा उत्तम होती. शैलाला पाठ टेकल्या टेकल्या जे कळलं, ते मला महिन्यानं कळलं.

मग कमाल वाचलं.

साडेचौतीस.

मी चष्मा पुसला. परत वाचलं. प्राचीला वाचायला लावलं. "थर्टी फोर पॉइंट फाइव्ह, बाबा. का?" मी खाली मुरमावर बसलो.

त्या काळात शहरातलं कमाल एकोणतीसच्या वर एकदाही गेलं नव्हतं. आधीच्या तिन्ही आठवड्यांत पिशोरला तीसच्या आत होतं. मी रघुनाथभाऊंना विचारलं, इथं शेकोटी केली होती? कुणी गाडी लावली होती?

"न्हाय साहेब. कुणीच आलं न्हाय. तुमची पेटी, कोण हात लावील?" मग म्हणाले, "ताई आल्या न्हाईत का ह्या बारीला?" त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. प्राचीनं सांगितलं. ते डोक्यावरची टोपी काढून तसेच उभे राहिले.

मला माहितीये तुम्ही काय विचाराल. सगळं मी स्वतःला विचारून झालंय. तापमापक बिघडला? घरी आणून बादलीतल्या पाण्यात दुसऱ्यासोबत बुडवून बघितला, गरम पाणी मुद्दाम टाळलं. पाव अंशाचाही फरक नाही. ऊन शिरलं? दार उत्तरेला, झडपा दुहेरी. धक्क्यानं काडी सरकली? मग किमानाची का नाही सरकली? झडपांतून हात आत जात नाही, माझाही नाही, प्राचीचाही नाही. आणि गेलाच असता तरी फुगा मुठीत घट्ट धरून पाच-सात मिनिटं उभं राहावं लागतं. नुसतं कुणाचा हात लागला तर साडेचौतीस येत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता ते ह्या यंत्रातून कळत नाही. सगळ्यात जास्त किती, एवढंच ते सांगतं.

ह्याचं उत्तर हवंय, असंही आता वाटत नाही. मला एवढंच कळतं की जागा तिनं पहिल्याच दिवशी निवडली होती, आणि मी तिला आकड्यासाठी थांबवलं. शेवटी आकडाही तिलाच द्यावा लागला.

हे आज का लिहितोय, तर त्याला कारण आहे. वाचन झाल्यावर चुंबक फिरवायचं असतं. मी फिरवलेलं नाही. कमालाची काडी अजून साडेचौतीसवर आहे. पण एप्रिल आलाय, आणि आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला माहितीये. घर साडेचौतीसच्या वर गेलं की पारा त्या काडीपर्यंत पोचेल आणि तिला पुढे ढकलेल. मग तिथं नुसता उन्हाळ्याचा आकडा उरेल. आयुष्यभर मी तापमान वाढायची वाट बघितली नाही की भीती बाळगली नाही, नुसतं लिहिलं. आता दुपारी खिडक्यांना ओली पोती बांधतो, कूलर लावतो, आणि तापमापक माठाजवळ ठेवून समोर बसतो.

प्राची फोनवर म्हणाली, "बाबा, फ्रिजमध्ये ठेवा ना, सोपं आहे."

खरंच सोपं आहे. काल मी तो घेऊन फ्रिजपाशी गेलो. दार उघडलं. गार हवा माझ्या बोटांना लागली. मी दार लावून टाकलं. तिला परत थंडीत ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही.

दुपारचे अडीच वाजलेत. घरात आत्ता तेहतीस आहे.